कॉलेजच्या सिक रूमवाल्यांना ट्रेनिंग नक्की कसलं हवं?

सिकरूम_सिस्टर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी मध्य मुंबईतल्या एका कॉलेजात नर्स आहे. ज्युनिअर आणि डिग्री एकाच इमारतीत. दारावर 'आरोग्य कक्ष' अशी पाटी आहे, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे सिक रूमच म्हणतात. स्टाफ म्हणजे मी, एक मावशी, आठवड्यातून तीन दिवस येणारी काउन्सेलर आणि अधूनमधून तासभर डोकावणारे डॉक्टर.

यंदा मॅनेजमेंटने कधी नव्हे ते विचारलंय, 'तुम्हाला ट्रेनिंग कसलं हवं ते लिहून द्या.' नॅक (कॉलेजांचं सरकारी मूल्यांकन) जवळ आलंय हे उघड आहे (सहाव्या निकषात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे पुरावे दाखवावे लागतात). पण पैसे मंजूर होतायत तर मी कशाला कारणं शोधू?

अडचण अशी की मी हॉस्पिटलातून इथे आले आणि तिथलं शिकलेलं इथे अर्धंच कामाला येतं. वॉर्डातला माणूस आजारी आहे हे आधीच ठरलेलं असतं, आणि हाक मारली की आरएमओ (ड्यूटीवरचा डॉक्टर) येतो. इथे पोरगी येते, 'सिस्टर, पोटात दुखतंय' म्हणते, आणि मला एकटीला ठरवायचं असतं की हे पाळीचं आहे, अपेंडिक्सचं आहे, दुपारच्या व्हायव्हाचं आहे की घरी काही झालंय. सीएनईला (नर्सेसच्या सक्तीच्या प्रशिक्षणाला) जाते, पॉइंट मिळतात, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण होतं. पण लेक्चर असतं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची काळजी या विषयावर. माझ्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडरसुद्धा नाही.

तर कॉलेजात काम करणारे, केलेले किंवा सिक रूममध्ये झोपून लेक्चर बुडवलेले, सगळ्यांनीच सांगा. यादीत काय टाकू?

टवाळ_टिळकनगर

झोपून लेक्चर बुडवलेल्यांच्या वतीने हजर! पहिलं ट्रेनिंग : खोटं आजारपण ओळखणे. दुसरं : ओळखूनही गप्प बसणे. आमच्या सिस्टरांना दुसरं फार छान जमायचं.

गिरगावकर

ताई, धागा चांगला आहे पण फार आशा ठेवू नका. आमच्या ऑफिसातल्या फर्स्ट एडच्या ट्रेनिंगचा क्रम सांगतो : दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (लांबलचक), पीपीटी, सामोसा, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट. बँडेज कुणी हातात घेतलं नाही. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून मिळालं.

डॉक_घाटकोपर

सिस्टर, मी तुम्ही म्हणता तसला 'तासभर डोकावणारा' आहे, अर्थात दुसऱ्या कॉलेजात. त्यामुळे मनावर न घेता लिहितो.

ट्रेनिंगचा विषय पुस्तकातून नका काढू, तुमच्या रजिस्टरमधून काढा. मागच्या दोन वर्षांची पानं उलटा आणि महिन्याप्रमाणे मोजा. मी आमच्याकडे हे करायला लावलं तेव्हा चित्र लगेच दिसलं. जुलै ते ऑक्टोबर ताप, फेस्टच्या आठवड्यात चक्कर, परीक्षेच्या आधी छातीत धडधड आणि हातापायांना मुंग्या, आणि बाराही महिने पाळीची पोटदुखी.

तापाचंच घ्या. डेंग्यूबद्दल सगळ्यांना प्लेटलेट माहीत असतात. पण ताप उतरायला लागतो तेव्हाच, म्हणजे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, खरा धोका सुरू होतो हे किती जणांना माहीत आहे? मुलगा म्हणतो, 'बरं वाटतंय, ताप गेला, सबमिशन आहे', आणि कॉलेजात येतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, यातलं काही दिसलं तर त्याला घरी नाही, हॉस्पिटलात पाठवायचं. आणि निदान होईपर्यंत तापावर ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, पॅरासिटामॉलच. हे मावशींनासुद्धा पाठ हवं, कारण तुम्ही जेवायला गेलात की गोळी मागायला मुलं त्यांच्याकडेच जातात.

तसंच लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप). दादरला हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून चालत आलेली पोरं पायाला जखम असेल तर तुम्हाला दाखवतात तरी का? २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. साचलेल्या पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन, हे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. पण ते तुम्ही स्वतःच्या मनाने देऊ शकत नाही. इथे माझा मुख्य मुद्दा येतो. कितीही शिकलात तरी डॉक्टरच्या सहीची लेखी स्टँडिंग ऑर्डर नसेल तर तुमचे हात बांधलेलेच. कुठल्या लक्षणाला काय द्यायचं, किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, केव्हा १०८ ला फोन करायचा, एवढं लिहून घ्या आमच्यासारख्यांकडून. मग त्या कागदावर ट्रेनिंग घ्या.

पारिजात

डॉक, पाळीच्या पोटदुखीवर मेफ्टाल सर्रास देतात ते बरोबर आहे का? माझी लेक अकरावीत आहे, दर महिन्याला सिक रूममधून घेते.

डॉक_घाटकोपर

@पारिजात : बहुतेकींना चालते, घाबरू नका. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल (मेफ्टालमधलं औषध) सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर ॲलर्जी होते : ताप, अंगभर पुरळ, गाठी, आणि तीही काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. म्हणजे गोळीशी तिचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. गोळी देण्याआधी 'पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर उठलं होतं का, दमा आहे का, ॲसिडिटी-अल्सर आहे का' हे तीन प्रश्न विचारणं, आणि दिलेली गोळी नावासकट नोंदवणं, एवढं तरी हवं. आणि दर महिन्याला गोळीशिवाय उभंच राहता येत नसेल तर लेकीला एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

एनएसएसवाले_सर

सिस्टर, मी शिक्षक आहे, एनएसएस बघतो. माझं मत थोडं वेगळं आहे. तुम्ही एकट्या शिकून उपयोग नाही. पोरगं चौथ्या मजल्यावर पडतं, तुम्ही तळमजल्यावर. लिफ्ट 'फक्त स्टाफसाठी' आणि बहुधा बंद. तुम्ही पोचेपर्यंत तिथे जे कुणी असेल तेच उपचार करणार.

आणि ते काय उपचार करतात ते पाहिलंय मी. फेस्टमध्ये एका मुलाला फिट आली. एकाने चप्पल हुंगवली, दुसऱ्याने हातात किल्ल्या कोंबल्या, तिसरा कँटीनमधून कांदा आणायला पळाला, आणि आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याचे दात उघडून चमचा घालायचा प्रयत्न केला. मुलगा आपोआप शुद्धीवर आला, आणि श्रेय कांद्याला मिळालं.

टवाळ_टिळकनगर

कांदा फुकट गेला नाही ना? त्या काळात भाव काय होता त्यावर अवलंबून आहे.

डॉक_घाटकोपर

सर, अगदी बरोबर. फिट आलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही. आजूबाजूची बाकडी सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स. घड्याळ बघणं हे सगळ्यात अवघड, कारण त्या वेळी दोन मिनिटं पंधरा वाटतात.

सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं) मात्र हातानेच शिकायचा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात निदान ५ सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर दोन मिनिटं दाबून दमल्याशिवाय कळत नाही की माणूस बदलावा का लागतो. बीएलएसचं (सीपीआर शिकवणाऱ्या कोर्सचं) कार्ड दोन वर्षांनी संपतं. त्यानंतर फक्त भिंतीची शोभा.

ढोलवादक_परळ

मी पथकात आहे. ढोलाच्या ठेक्यावर दाबलं तर चालेल का? प्रामाणिक प्रश्न आहे.

डॉक_घाटकोपर

मिरवणूक सुरू होतानाच्या ठेक्यावर चालेल, शेवटच्या चौकातल्या नाही. १२० च्या वर गेलात की छाती परत वर यायला वेळच मिळत नाही.

मनमोकळी

मी कॉलेजमध्येच काउन्सेलर आहे, पश्चिम उपनगरात. आतापर्यंत सगळी चर्चा शरीरावरच झाली म्हणून लिहिते.

एनएसएसवाले सर, तुमच्या मुद्द्याला कोर्टाचा आधार आहे. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक पात्र काउन्सेलर, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. आणि शिक्षक, शिक्षकेतर अशा सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा ट्रेनिंग : मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणं, स्वतःला इजा केलेल्या मुलाशी कसं वागायचं, कुणाकडे पाठवायचं. सिस्टर, तुमच्या अर्जात पहिल्या ओळीत हेच लिहा. नॅकपेक्षा जड आहे.

आता हे ट्रेनिंग कसं असू नये ते सांगते. 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर सभागृहात व्याख्यान, शेवटी पाच मिनिटं डोळे मिटून दीर्घ श्वास. मी स्वतः ही व्याख्यानं देते, म्हणून हक्काने बोलतेय. त्यातून शिपाई काय शिकतो? गच्चीची किल्ली त्याच्याकडे असते. कोण रोज एकटं जिन्यावर बसतं हे त्याला माझ्या आधी कळतं. त्याला हवं असतं एकच वाक्य, जे तो न अडखळता बोलू शकेल, आणि तें बोलल्यावर कुणाला फोन करायचा ते.

सिस्टरसाठी मी एकच गोष्ट सुचवेन, रोल-प्ले. 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?' हा प्रश्न मोठ्याने, समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायची सवय. अनुभवी नर्सेससुद्धा इथे अडतात, कारण वाटतं की विचारलं तर डोक्यात भरवल्यासारखं होईल. तसं होत नाही. उलट मुलं सुटकेचा श्वास सोडतात. आणि उत्तर 'हो' आलं तर पुढचे दोन प्रश्न काय, त्याला एकटं न सोडता मला किंवा डॉक्टरांना कसं बोलवायचं, रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ कसा द्यायचा, हे सगळं करून बघायचं. ऐकून येत नाही.

अजून_शिकतोय

विद्यार्थ्याची बाजू. आम्ही सिक रूममध्ये का जात नाही माहितीये? तिथे गेलेलं घरी कळतं. माझ्या मैत्रिणीने सहज सांगितलं की झोप लागत नाही, तर संध्याकाळी आईला फोन. त्यानंतर आमच्या ग्रुपमधलं कुणी तिकडे फिरकलं नाही. डोकं दुखलं तर बाहेरच्या मेडिकलमधून गोळी.

अजून एक. व्हेप (ई-सिगारेट, दिसायला पेन ड्राइव्हसारखी) ओळखायला शिकवा कुणीतरी. २०१९ पासून बंदी आहे, पण वर्गात असतात. एका सरांनी जप्त केलेला 'पेन ड्राइव्ह' कॉम्प्युटर लॅबमध्ये जमा केला. :D

लोकलप्रवासी

@अजून_शिकतोय : लॅबवाल्यांनी उघडायचा प्रयत्न केला का?

एनएसएसवाले_सर

@अजून_शिकतोय : बाळा, पण पालकांना न कळवून चालतं का? उद्या काही झालं तर ते आम्हालाच विचारणार, 'तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही?'

मनमोकळी

सर, म्हणूनच हे ट्रेनिंगमध्ये हवं, प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने चालवायला नको. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २३ : गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद, आणि तेव्हाही आवश्यक तेवढंच सांगायचं. झोप लागत नाही हा जिवाला धोका नाही. एका कॉलेजात मला प्राचार्यांनी 'सेशनला येणाऱ्यांची यादी द्या, लक्ष ठेवू' असं सांगितलं होतं. आकडे दिले, नावं दिली नाहीत. पण हे मी काउन्सेलर म्हणून म्हणू शकले. कंत्राटावरच्या सिस्टरला ते किती अवघड जाईल याची मला कल्पना आहे.

डॉक_घाटकोपर

थोडा असहमत. डिग्रीच्या मुलांना हे लागू. ज्युनिअर कॉलेजची मुलं १८ च्या आतली. तिथे पालकांना बाहेर ठेवून उपचाराचा निर्णय होत नाही. आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा)? अकरावीतली मुलगी पाळी चुकली म्हणून सिस्टरकडे आली तर? कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकावर पोलिसांना कळवायचं बंधन आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा. 'मी फक्त नर्स आहे' हे कारण चालणार नाही.

मनमोकळी

डॉक, तें मान्यच. पण अर्धी माहिती देऊन लोकांना घाबरवू नका. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पॉक्सोखाली माहिती देताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे माहीत नसल्याने मुली भोंदू लोकांकडे जातात. आणि पालक नेहमी सुरक्षित असतात हे गृहीत धरू नका. कधी कधी तक्रार घरातल्याबद्दलच असते.

डॉक_घाटकोपर

हा निकाल डॉक्टरपुरता आहे, सिस्टरपुरता नाही. तिने काय करायचं ते वकिलाकडूनच लिहून घ्यावं. पण शेवटचं वाक्य मान्य.

मनमोकळी

तेच म्हणतेय. अर्धा दिवस, विषय फक्त '१८ च्या आत आणि १८ च्या वर'. एक वकील, एक बालकल्याणात काम केलेली व्यक्ती. पीपीटी नको, प्रसंग द्या.

गिरगावकर

हे वाचून माझी कुचेष्टा मागे घेतो. सामोसा मात्र ठेवा.

क्षयमुक्त

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. टीवायला असताना मला टीबी झाला. कॉलेजच्या आरोग्य कक्षातून पहिला सल्ला मिळाला, 'कुणाला सांगू नकोस, आणि या वर्षी ड्रॉप घे.' सल्ला देणाऱ्या बाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. रुमाल नाकाला लावून बोलत होत्या. महापालिकेच्या दवाखान्यातल्या माणसाने समजावलं की औषधं नीट सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाची भीती खूपच कमी होते, डॉक्टर सांगतील तोवर मास्क लाव, आणि परीक्षा दे. दिली.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडका तपासायला पाठवणं, निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद, पोषणासाठी मिळणारे पैसे (नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये), हजेरीसाठी कुठला कागद लागतो, हे सिक रूमला माहीत असलंच पाहिजे. मुंबईत असूनही नसेल तर कठीण आहे.

पारिजात

दंडवत तुम्हाला. वाचनखूण साठवली.

फ्रेस्नोची_वहिनी

मी कॅलिफोर्नियात एका कॉलेजच्या हेल्थ सेंटरमध्ये आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे, मूळची डोंबिवलीची. इथे लायसन्ससाठी दर दोन वर्षांनी ३० तास शिक्षण दाखवावं लागतं. कॉलेज आरोग्यसेवेतल्या लोकांची स्वतःची संघटना आहे, अमेरिकन कॉलेज हेल्थ असोसिएशन, १९२० पासूनची. त्यांचं दर वर्षी अधिवेशन भरतं आणि तिथे नर्स, डॉक्टर, काउन्सेलर, आहारतज्ज्ञ, आरोग्यशिक्षण करणारे सगळे एकत्र बसतात. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच की कॉलेजमधलं आरोग्य हे वेगळं काम आहे, हॉस्पिटलची छोटी शाखा नाही, हे तिथे कुणाला पटवावं लागत नाही.

विषय मात्र तसेच्या तसे उचलू नका. आमच्याकडे ओपिऑइडच्या ओव्हरडोससाठी नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे सगळे शिकतात. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. तुमच्याकडे लेप्टो.

टवाळ_टिळकनगर

वहिनी, आमच्याकडे पण ओव्हरडोस असतो. कटिंगचा.

लोकलप्रवासी

अवांतर : लोकलच्या दारात लटकून येणाऱ्यांना सिक रूमवाल्यांनी काही सांगावं का? आमच्या ८:१२ ला रोज चार बॅगा बाहेर असतात.

माजी_मेट्रन

उशिरा आले. सगळ्यांचं पटलं, तरी एक गोष्ट कुणी बोललं नाही.

सिस्टर ट्रेनिंगला गेली की खोली कोण उघडणार? मी निवृत्तीनंतर एका कॉलेजात काही वर्षं काढली. ट्रेनिंगचं पत्र आलं की उत्तर ठरलेलं : 'जा, पण रजा टाकून जा, आणि त्या दिवशी परीक्षा नाही ना ते बघा.' परीक्षा नेहमीच असते. शेवटी मुली रविवारी स्वतःच्या पैशाने पॉइंट गोळा करतात, आणि जो विषय रविवारी जवळपास मिळेल तोच शिकतात. तुमचं व्हेंटिलेटरचं लेक्चर त्यातूनच आलंय.

कागदावर विषयांच्या आधी अटी लिहा बाई. ड्यूटी लीव्ह. त्या दिवशी बदली नर्स. आणि ट्रेनिंग शक्यतो तुमच्या खोलीतच, तुमच्या कपाटासमोर, तुमच्या स्ट्रेचरसकट. मी एकदा ड्रिल घेतलं, तेव्हा कळलं की स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर फिरतच नाही. हे कुठल्या हॉटेलातल्या परिषदेत कळलं असतं?

डॉक_घाटकोपर

मेट्रन, साष्टांग. तें स्ट्रेचरचं उद्याच बघतो.

सिकरूम_सिस्टर

सगळ्यांना एकदमच उत्तर देते, दोन दिवस फोन हातात घ्यायला वेळ नव्हता (चक्कर, चक्कर, फिट, चक्कर. फेस्ट चालू आहे).

रजिस्टर काढून बसले. डॉक म्हणाले तसंच निघालं, फक्त 'इतर' या रकान्यात सगळ्यात जास्त नोंदी आहेत. त्या पोरी आल्या, पाणी प्यायल्या, थोडा वेळ पडल्या आणि गेल्या. मनमोकळी ताई, रोल-प्ले याच रकान्यासाठी मागतेय.

मेट्रन मॅडमच्या अटी जशाच्या तशा वर टाकल्यात. त्याखाली चार गोष्टी : पावसाळ्याआधी डॉक्टरांबरोबर स्टँडिंग ऑर्डर, पुतळ्यावर सीपीआर आणि फिटचं ड्रिल, रोल-प्ले, आणि १८ च्या आत-बाहेरचा अर्धा दिवस. टीबीसाठी वॉर्डातल्या दवाखान्यात मी स्वतःच जाऊन बसणार आहे, त्याला पैसे लागत नाहीत. @क्षयमुक्त, हजेरीच्या कागदाबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रजिस्ट्रार सरांना कच्चा कागद दाखवला. त्यांचं पहिलं म्हणणं, 'मावशी आणि वॉचमनला कशाला? त्यांचं सर्टिफिकेट नॅकला चालतं का?'

एनएसएसवाले_सर

चालतं. ते शिक्षकेतरच आहेत. सांगा त्यांना. आणि कोर्टाचे 'सर्व कर्मचारी' हे शब्द पिवळ्या हायलायटरने रंगवून जोडा.

माजी_मेट्रन

वॉचमनची ड्यूटी बारा तासांची असेल तर दोन बॅचेस कराव्या लागतील. आधीच लिहा, नाहीतर रात्रपाळीवाला राहून जातो.

सिकरूम_सिस्टर

हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन बॅचेस लिहिते. दुसरी संध्याकाळी सातला, ड्यूटी बदलते तेव्हा. डॉक, सातला याल का घाटकोपरहून?

डॉक_घाटकोपर

सातला दवाखाना असतो. सोमवारी बंद असतो, सोमवारी ठेवा.